‘पॅटर्न’ला फर्मा म्हणावे की साचा?

प्रश्न (नाशिक): देवळाली कॅम्पात पट्टे आणि पिस्तुलाची चामडी होल्स्टर हाताने शिवणाऱ्या एका कारागिरासाठी मी कामाची माहिती मराठीत लिहून देत असून ‘पॅटर्न’ या शब्दापाशी अडलो आहे. ‘नमुना’ म्हटले की तयार वस्तू डोळ्यांपुढे येते आणि ‘साचा’ म्हटले की ओतकाम आठवते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर: शिंप्यांचा ‘फर्मा’ हा शब्द घ्यावा. जाड कागदाची जी सपाट आकृती चामड्यावर ठेवून आरीच्या, म्हणजे चामडे टोचायच्या हत्याराच्या, टोकाने रेघ मारायची आणि मग रापीने, म्हणजे चांभारी सुरीने, कापायचे, ती फर्मा. क्रियापद मात्र ‘बनवणे’ नको, ‘बेतणे’ हवे, कारण या कामातले खरे कसब बेतण्यातच आहे. पिस्तूल कागदावर आडवे ठेवून नुसती कड गिरवली, तर शिवल्यावर ते आत जाणारच नाही. गिरवलेल्या रेघेपासून पिस्तुलाच्या निम्म्या जाडीइतके आणि त्यात चामड्याच्या जाडीइतके अंतर सोडून टाक्यांची ओळ आखावी लागते. पिस्तूल ३० मिलिमीटर जाड आणि चामडे साडेतीन मिलिमीटरचे असेल, तर हे अंतर सुमारे साडेअठरा मिलिमीटर होते. घोड्याभोवतीची (ट्रिगरभोवतीची) कडी पूर्ण झाकली जाईल असेच बेतावे. तेथे तडजोड करू नये.

दुसरे उत्तर: बुटाच्या कामात ज्या लाकडी ठोकळ्यावर चामडे ताणतात, त्यालाही ‘फर्मा’ म्हणतात, हे ध्यानात घ्यावे. होल्स्टरलाही असा ठोकळा लागतोच, कारण झाडाच्या सालीने कमावलेले चामडे भिजवून पिस्तुलाच्या निकामी प्रतिकृतीवर दाबले, की वाळताना ते तिचा आकार धरते; क्रोमच्या, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेल्या, चामड्याला तो गुण नाही. म्हणून एकाला ‘कागदी फर्मा’ आणि दुसऱ्याला ‘ठोकळा’ म्हणावे.

प्रश्नकर्ता: ही विभागणी मला पटली. होल्स्टरला ‘म्यान’ म्हणावे का?

पहिले उत्तरकर्ते: अर्थ चुकत नाही, परंतु ‘म्यान’ वाचताच तलवार मनात येते. चष्म्याचे घर म्हणतो तसे ‘पिस्तुलाचे घर’ अधिक मराठमोळे वाटते, तरीही कारागिराच्या तोंडी ‘होल्स्टर’च असेल, तर तोच शब्द ठेवावा आणि असे लिहावे : ‘कागदी फर्मा घडीवर दुमडून ठोकळ्याभोवती धरून पाहावा, तो नीट बसल्यावरच चामड्याला रापी लावावी.’