नाल्याचा गाळ भातात शिरलाय, झिंक घालून कॅडमियम अडेल का?

येळ्ळूर शिवार: दीड एकर बासमती आहे आमची. बळ्ळारी नाल्याला पूर आला की पाणी शेतात शिरतं. यंदा बांधाकडेला काळा गाळ बसलाय, बोटाला तेलकट लागतो. याच तांदळाचा मऊ भात नातीला भरवतो, म्हणून जीव घाबरतो. जस्तानं, म्हणजे झिंकनं, कॅडमियम हा विषारी धातू अडतो म्हणे, खरं काय?

खानापूरकर: काका, आधी माती तपासा. मृदा आरोग्य पत्रिकेत जस्त, लोह, बोरॉन येतं, कॅडमियम येत नाही; ते वेगळं सांगून करून घ्यावं लागतं. जस्त आणि कॅडमियम पिकाच्या मुळांत शिरायला एकाच वाटेवर भांडतात. जस्त कमी असेल तर कॅडमियमला वाट मोकळी. एकरी 10 किलो झिंक सल्फेट लावणीआधी टाका, पण डीएपी खतात मिसळू नका, त्यातलं स्फुरद (फॉस्फरस) जस्ताला बांधून ठेवतं. भाताच्या तुसाची राखही घाला, त्यातलं सिलिकॉन कामाला येतं.

माती-पाणी: एक भर घालतो. पोसवताना, म्हणजे लोंब्या येताना, शेत कोरडं पडू देऊ नका. पाणी उभं असलं की कॅडमियम गंधकाशी बांधलं जातं. पण आर्सेनिक हे दुसरं विष असेल तर नेमकं उलटं, उभ्या पाण्यात तेच सुटतं. म्हणून दोन्ही तपासा. आणि झिंकनं शोषण कमी होतं, माती शुद्ध होत नाही.

येळ्ळूर शिवार: उद्याच गाळाची आणि मधल्या वाफ्याची माती वेगवेगळ्या पिशवीत भरतो. अहवाल येईपर्यंत नातीला दुसरीकडचा तांदूळ.