मदत हवी आहे : सातबाऱ्यावर नाव नसलेल्यांची नोंद बुडीताच्या अभ्यासात कशी आणावी?

आमच्या खोऱ्यात पाटबंधारे प्रकल्प प्रस्तावित आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यातील कलम ६(२) नुसार, ज्या सिंचन प्रकल्पांना पर्यावरणीय आघात मूल्यांकन आवश्यक आहे, त्यांना सामाजिक आघात मूल्यांकनाच्या तरतुदी लागू होत नाहीत. त्यामुळे लोकांचे म्हणणे नोंदवण्याची मुख्य जागा म्हणजे पर्यावरणीय जनसुनावणी, आणि तिच्या सूचनेसाठी किमान ३० दिवसांचीच मुदत असते. मात्र आम्हाला मिळालेल्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अहवालाच्या मसुद्यात बाधितांची गणना केवळ सातबाऱ्यावरून केलेली दिसते. याच कायद्यात आधीची तीन वर्षे मुख्य उपजीविका जंगल वा जलाशयांवर अवलंबून असलेली कुटुंबे, म्हणजे मासेमार व नावाडीसुद्धा, ‘बाधित कुटुंब’ मानली आहेत. नदीवर जगणारे भोई, गायरानात शेळ्या चारणारे आणि मजुरी करणारे कातकरी यांच्याकडे कागद कुठून असणार?

अशा कुटुंबांची तीन वर्षांची उपजीविका ग्रामसभेचा ठराव, रोजगार हमीची हजेरीपत्रके किंवा मासळी व्यापाऱ्याच्या वह्या यांपैकी कशाने सिद्ध करता येईल? ज्यांनी अशा सुनावणीत लेखी हरकत दाखल केली आहे, त्यांनी तिचा मसुदा कसा बांधला, हे कृपया सविस्तर सांगावे.