चित्रकलेच्या सरांच्या आठवणी लिहा

सर जाऊन वर्ष झालं. प्रदर्शन भरवायचं ठरवलं आणि लक्षात आलं, लावायला चित्रंच नाहीत. गोव्यात फोंड्याकडच्या शाळेत तीस वर्षं शिकवलं, पण त्यांचा हात चालला तो जत्रेतल्या नाटकांच्या पडद्यांवर, शिगम्याच्या, म्हणजे आपल्या होळीच्या सणाच्या, चित्ररथांवर, आणि दिवाळीत उजाडायच्या आत जळून जाणाऱ्या नरकासुराच्या पुतळ्यांवर. म्हणून निदान आठवणी तरी गोळा करूया. ज्यानं त्यानं आपली खाली लिहा.

माझी सांगतो. देवळाच्या मांडवात मांजरपाट अंथरलेला असे आणि स्टोव्हवर सरसाचा डबा. काय उग्र वास! त्यात सर रंगाची पूड कालवत. हा रंग ओला असताना गडद दिसतो, वाळला की फिकटतो. म्हणून प्रत्येक छटेचं एक बोट ते आधी कापडाच्या कडेला ओढून वाळू देत. राजवाड्याचे खांब मला दिले होते. मी सावली उलट्या बाजूला घातली. ओरडले नाहीत. संध्याकाळी मला रंगमंचावर उभं केलं नि म्हणाले, "दिवा कुठं लागणार ते आधी बघ."

मडगावहून: १९८४ मध्ये मी पणजीला आल्तिनोवरच्या कला महाविद्यालयात गेले ती सरांमुळे. बाबा नको म्हणत होते. चित्रकार लक्ष्मण पै तेव्हा तिथे प्राचार्य होते. "मडगावचेच ते. दहा वर्षं पॅरिसला राहून आले, आता आपल्या मुलांना शिकवतात," एवढंच सर बाबांना म्हणाले. फॉर्मचे पैसे त्यांनी भरले होते, हे आईनं माझ्या लग्नानंतर सांगितलं.

पेडण्याहून: आम्हाला ते मोरजाईच्या देवळात कावीकाम दाखवायला घेऊन गेले होते. खाली चुना, वर लाल काव, आणि ओलं असतानाच खरवडून आतला पांढरा काढायचा.

आणखी एक उत्तर: माझी आठवण गोड नाही. कॅलेंडरवरून उतरवलेलं माझं चित्र सरांनी वर्गासमोर फाडलं. त्यांचं चुकलंच, असं आजही वाटतं. मी पुन्हा ब्रश धरला नाही. पण दिवाळीत नरकासुराच्या तोंडाला कागदाचे थर द्यायला ते मलाच बोलवत आणि मी जात असे.

शेवटचं उत्तर: माझ्याकडे सरांच्या पडद्याचा तुकडा आहे! छापील बॅनर आल्यावर जुने पडदे भाताच्या राशीवर झाकायला गेले, त्यातला एक आजीनं कापून ठेवला. कडेला रंगाची अकरा बोटं ओढलेली आहेत. कसली ते आज कळलं. प्रदर्शनाला घेऊन येते.