एलेरॉन मधेच अडतोय, सल्ला पाहिजे (बेळगाव)

शहापूरकर:
नमस्कार मंडळी. शेडमध्ये दोन सीटचं पत्र्याचं विमान बांधायलोय. एलेरॉनला (पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी, विमान डावी-उजवीकडं कलवणारी) पुश-रॉड म्हणजे ढकलायचा दांडा, शेपटीतल्या एलिव्हेटर आणि रडरला केबल. उजवा एलेरॉन मस्त फिरतोय. डावा मात्र तिन्ही बिजागऱ्यांचे बोल्ट आवळले की अर्ध्यावर अडतोय. मधलं भोक रीमरनं जरा मोठं करू काय? आणि केबलच्या ताणासाठी टेन्सिओमीटर घ्यायलाच पाहिजे काय, की बोटानं दाबून चालतंय?

उद्यमबागचा_टर्नर:
भोकाला हात लावू नका हो! आज हलकं वाटेल, पण प्ले (ढिलेपणा) राहिला की हवेत एलेरॉन थरथरायला लागतोय. ब्रॅकेटच सरळ करून घ्या.

निपाणीचे_काका (निवृत्त मेकॅनिक):
टर्नर बरोबर बोलायलेत. एलेरॉन उतरवा आणि पंखाच्या तिन्ही ब्रॅकेटमधनं तंगूस ताणून ओवा. टोकाच्या दोन भोकांत मधोमध धरली की मधलं किती हुकलंय ते डोळ्यांनाच दिसतंय. एलेरॉनवरची भोकं पण तशीच बघा. परत चढवल्यावर पुश-रॉड लगेच जोडायचा नाही. नुसत्या बिजागऱ्यांवर तो आपल्या वजनानं खाली पडला पाहिजे.

मग न्यूट्रल, म्हणजे एलेरॉनची मधली जागा. बेलक्रँक (स्टिकची हालचाल पुश-रॉडकडं वळवणारा तुकडा) प्लॅनप्रमाणे पक्का करा, एलेरॉनची मागची कड शेजारच्या फ्लॅपच्या (पंखाची दुसरी हलती पट्टी) कडेला पट्टी लावून धरा, आणि आता रॉडची लांबी जुळवा. रॉड-एंडच्या (रॉडच्या टोकाला आट्यांनी बसणारा तुकडा) बारक्या तपासणी-भोकात तार घालून बघा. आरपार गेली तर आटे कमी बसलेत. पूर्ण स्टिक दिल्यावर एलेरॉन वर जास्त आणि खाली कमी जाईल, घाबरू नका. खाली गेलेल्या बाजूला हवेची ओढ जास्त, त्यानं नाक वळणाच्या उलटीकडं वळतंय, म्हणून तसं ठेवतात. अंश प्लॅनमधले, मोजायला डिजिटल अँगल गेज बास.

बोटाचा अंदाज मात्र नको. केबल स्टीलची, सांगाडा ॲल्युमिनियमचा. उन्हात ॲल्युमिनियम जास्त वाढतंय, केबल ताणली जाते. डिसेंबरच्या पहाटे तीच ढिली. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी ताण लावाल आणि फसाल. टर्नबकलच्या (केबलचा ताण कमीजास्त करायचा आट्यांचा जोड) बाहेर दोन्हीकडं तीनपेक्षा जास्त आटे दिसायला नकोत, वर आटे सुटू नयेत म्हणून सेफ्टी वायर. जिथं बोल्ट फिरतोय तिथं नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेला) नट नाही, कॅसल (खाचांचा) नट आणि खाचेतनं स्प्लिट पिन.

शहापूरकर:
काका, तंगूस ओवली. मधलं ब्रॅकेटच खाली बसलंय, उद्या उद्यमबागेत सरळ करायला नेतोय. एलेरॉनला रंग आधी की बॅलन्स (बिजागरीच्या पुढचं-मागचं वजन जुळवणं) आधी?

निपाणीचे_काका:
रंग आधी. रंगाचं वजन बिजागरीच्या मागं पडतंय, तेच फ्लटरला (हवेतल्या त्या थरथरीला) बोलावतंय. आणि शेवटची तपासणी तुम्ही करू नका. दुसऱ्याला स्टिकवर बसवा: स्टिक उजवीकडं, उजवा एलेरॉन वर. उलटा जोडलेला बांधणाऱ्याला दिसतच नाही.

खानापूरवाला:
टेन्सिओमीटर माझ्याकडं आहे, न्या की. फक्त तुमच्या केबलच्या जाडीचा रायझर (टेन्सिओमीटरमध्ये केबलखाली बसवायचा तुकडा) आहे काय ते बघून न्या.