वीज गेल्यानंतर डब्ल्यूएक्सविजेट्सचे बिल्ड लिंकिंगच्या टप्प्यावर अडकते

प्रश्न : खानापूरकर

नमस्कार. मी बेळगावातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला आहे आणि उद्यमबागेतील एका मशीन शॉपसाठी जॉब कार्डे नोंदवण्याचे छोटे सॉफ्टवेअर प्रकल्प म्हणून लिहीत आहे. तेथील कामगारांपैकी काही मराठी वाचतात, काही कन्नड, त्यामुळे बटणे आणि लेबले दोन्ही भाषांत दिसायला हवीत. शिवाय मी लिनक्सवर लिहिलेले सॉफ्टवेअर त्यांच्या विंडोज संगणकांवर चालायला हवे. या दोन अटी पाहून मी सी प्लस प्लस ही भाषा आणि डब्ल्यूएक्सविजेट्स (विंडो, बटणे इत्यादी बनवण्याचे, लिनक्स व विंडोज दोन्हींवर चालणारे टूलकिट) यांची निवड केली.

माझ्या लॅपटॉपवर उबुंटू २२.०४ असून रॅम ४ जीबी आहे. या उबुंटूच्या पॅकेजांमध्ये डब्ल्यूएक्सविजेट्सची ३.० ही मालिका मिळते. मला मात्र ३.२ मधील बिटमॅप बंडल हा क्लास हवा आहे, कारण त्यामुळे एसव्हीजी आयकॉन लहान-मोठ्या सर्व स्क्रीनवर स्पष्ट दिसतात. म्हणून सोर्समधून बिल्ड करणे, म्हणजे मूळ कोडपासून लायब्ररी स्वतः तयार करणे, भाग पडले.

सुरुवातीला कॉन्फिगरने (बिल्डची पूर्वतयारी तपासणारी स्क्रिप्ट) जीटीकेच्या (लिनक्सवर विंडो व बटणे काढणारी लायब्ररी) डेव्हलपमेंट फाइली सापडत नसल्याचे सांगितले. ‘लिबजीटीके-३-डेव्ह’ हे पॅकेज घातल्यावर ते पुढे सरकले. नंतर मी बिल्ड चालवणारी ‘मेक -जे’ ही कमांड आकडा (एका वेळी किती कामे चालवायची तो) न घालता दिली, तेव्हा लॅपटॉप गोठला आणि कंपायलर ‘किल्ड’ झाल्याचा संदेश आला. तिसऱ्या वेळी ‘मेक -जे२’ दिले आणि सर्व सुरळीत चालले असताना पावसाने वीज गेली. लॅपटॉपची बॅटरी निकामी असल्यामुळे तो तत्क्षणी बंद पडला. वीज आल्यावर त्याच फोल्डरात मेक पुन्हा चालवले. उरलेल्या फाइली कंपाइल झाल्या, परंतु त्या एकत्र जोडून कोअर लायब्ररी लिंक होताना ‘फाइल नॉट रेकग्नाइझ्ड : फाइल ट्रंकेटेड’ असा संदेश येतो आणि काम थांबते. मेक तीनदा चालवून पाहिले, तरी संदेश तोच. सगळे पुसून नव्याने आरंभ करायचा तर निम्मा दिवस जाईल, आणि आमच्याकडे जुलैत निम्मा दिवस सलग वीज राहील याची खात्री कोणी द्यावी? यावर काही उपाय आहे का?

(कमांड येथे देवनागरीत लिहिल्या आहेत, टर्मिनलवर अर्थातच रोमनमध्ये.)

उत्तर १ : उद्यमबागेतील एक प्रोग्रामर

सगळे पुसण्याची गरज नाही. तुमच्या फोल्डरात एक-दोन ऑब्जेक्ट फाइली (सोर्स कंपाइल होऊन तयार होणाऱ्या ‘.ओ’ फाइली) रिकाम्या पडून आहेत, एवढाच हा दोष आहे.

लिनक्सची फाइल सिस्टिम फाइलचे नाव लगेच नोंदवते, पण तिच्यातील मजकूर डिस्कवर उतरवण्याचे काम काही सेकंद लांबणीवर टाकते. नेमक्या त्या सेकंदांत वीज गेली तर नाव राहते आणि मजकूर जातो, म्हणजे शून्य बाइटची फाइल शिल्लक राहते. मेक फाइलच्या आत कधीच डोकावत नाही. ते केवळ वेळ पाहते. ऑब्जेक्ट फाइल सोर्स फाइलपेक्षा नवी दिसली की तिचे काम झाले, असे ते धरून चालते. म्हणूनच तुम्ही मेक तीनदा चालवा किंवा तीसदा चालवा, ती रिकामी फाइल पुन्हा कंपाइल होणार नाही. तुम्ही कंट्रोल-सी दाबून मेक थांबवले असते तर अर्धवट फाइल त्याने स्वतःच पुसली असती. वीज गेल्यावर मात्र त्याला तेवढीही सवड मिळत नाही.

तेव्हा बिल्डच्या फोल्डरात जाऊन ‘फाइंड . -नेम "*.ओ" -साइझ ० -डिलीट’ ही कमांड द्यावी आणि मग ‘मेक -जे२’ पुन्हा चालवावे. एखादी फाइल पूर्ण रिकामी नसून अर्धवट असण्याचीही शक्यता आहे. तसे असल्यास लिंकर संदेशात तिचे नाव सांगतो. ती हाताने पुसावी. लिंकर पहिल्याच नावाला थांबतो, त्यामुळे असे दोन-तीन वेळा करावे लागले तर घाबरू नये.

तुम्ही बिल्ड सोर्सच्या मूळ फोल्डरात केले की वेगळ्या, हे लिहिलेले नाही. सोर्सच्या आत ‘बिल्ड-जीटीके’ असा निराळा फोल्डर करून त्यातून ‘../कॉन्फिगर’ चालवावे. मग काही हाताबाहेर गेले तर तेवढा एक फोल्डर उडवला की काम भागते आणि सोर्सला धक्का लागत नाही.

कॉन्फिगरला ‘--प्रीफिक्स’ देऊन आपल्या होम फोल्डरातील जागा दाखवली तर सुडो (प्रशासकाचे अधिकार) लागत नाही आणि सिस्टिममधील ३.० शी गल्लतही होत नाही. /यूएसआर/लोकल मध्येच इन्स्टॉल करणार असाल तर ‘मेक इन्स्टॉल’नंतर नव्या लायब्ररीची नोंद करणारे ‘सुडो एलडीकॉन्फिग’ विसरू नये. ते राहिले तर प्रोग्राम बिनतक्रार कंपाइल होतो आणि चालवताना मात्र लायब्ररी सापडत नाही असे म्हणतो. नवशिक्यांची निम्मी संध्याकाळ तेथेच जाते. माझीही गेली होती.

उत्तर २ : निपाणीहून

वरील निदान योग्य वाटते, तरी मुळात एवढा खटाटोप हवा का, हे मी विचारीन. उबुंटू २४.०४ मध्ये डब्ल्यूएक्सविजेट्स ३.२ तयार पॅकेजच्या रूपात मिळते. परीक्षा तोंडावर असताना संपूर्ण टूलकिट बिल्ड करण्यापेक्षा उबुंटू अद्ययावत करणे मला सोपे वाटते.

सोर्सच्याच वाटेने जाणार असाल तर ३.० चे डेव्हलपमेंट पॅकेज आधी काढून टाका. एका आवृत्तीच्या हेडर फाइली आणि दुसरीची लायब्ररी अशी सरमिसळ झाली तर प्रोग्राम सुरू होताक्षणी आवृत्त्या जुळत नसल्याचा ‘मिसमॅच’ संदेश देऊन बंद पडतो. ‘विच डब्ल्यूएक्स-कॉन्फिग’ आणि ‘डब्ल्यूएक्स-कॉन्फिग --व्हर्जन’ या दोन कमांड आधी देऊन खात्री करावी. आणखी एक : गिटहबवर आपोआप तयार होणारी ‘सोर्स कोड’ नावाची झिप घेतली असेल तर तिच्यात सबमॉड्यूल (सोबत लागणाऱ्या इतर लायब्ररींचा कोड) नसतात. प्रकल्पाने स्वतः प्रसिद्ध केलेली टार फाइलच घ्यावी.

खानापूरकर

दोघांचेही आभार. दोन ऑब्जेक्ट फाइली शून्य बाइटच्या निघाल्या. त्या पुसून मेक दिले आणि दहा मिनिटांच्या आत बिल्ड पूर्ण झाले. होम फोल्डरात इन्स्टॉल केले असून नमुन्याचा प्रोग्राम चालतो. मराठी जोडाक्षरे आणि कन्नड ओत्तक्षरे दोन्ही नीट दिसतात.

निपाणीच्या सरांची सूचना रास्त आहे, परंतु हा लॅपटॉप घरात सामायिक असल्यामुळे उबुंटू बदलणे सध्या शक्य नाही. आता उरला प्रश्न विंडोजचा. शॉपमधील संगणकांवर काहीही इन्स्टॉल करण्याची मुभा नाही, पेन ड्राइव्हवरून एकच फाइल नेता आली तर बरे. मालकांनी असेही विचारले आहे की हे टूलकिट फुकट आहे तर पुढे आमचा सोर्स कोड कोणाला द्यावा लागेल का.

उत्तर ३ : उद्यमबागेतील एक प्रोग्रामर

परवान्याचे आधी सांगतो, कारण मालक मंडळी तेथेच अडतात. डब्ल्यूएक्सविजेट्सचा परवाना एलजीपीएल या मुक्त सॉफ्टवेअर परवान्यावर आधारित आहे, पण त्याला एक अपवाद जोडलेला आहे : त्यावर बांधलेला प्रोग्राम बायनरी रूपात तुम्ही स्वतःच्या अटींवर देऊ शकता, लायब्ररी स्टॅटिक पद्धतीने आत जोडलेली असली तरीही. तुमचा कोड तुमचाच राहतो.

विंडोजसाठी तुम्हाला विंडोज संगणकाचीही गरज नाही. ‘जी++-मिंगडब्ल्यू-डब्ल्यू६४’ हे लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम बनवणाऱ्या कंपायलरचे पॅकेज घालावे, ‘बिल्ड-विंडोज’ असा दुसरा फोल्डर करावा आणि तेथून कॉन्फिगरला ‘--होस्ट=एक्स८६_६४-डब्ल्यू६४-मिंगडब्ल्यू३२’ आणि ‘--डिसेबल-शेअर्ड’ हे दोन पर्याय द्यावेत. त्याच सोर्समधून जीटीकेचे आणि विंडोजचे अशी दोन्ही बिल्डे शेजारी शेजारी नांदतात. आपला प्रोग्राम लिंक करताना ‘-स्टॅटिक’ घालावे, नाहीतर मिंगडब्ल्यूच्या स्वतःच्या डीएलएल फाइली मागे राहतात आणि शॉपमध्ये प्रोग्राम उघडतच नाही. डब्ल्यूएक्सविजेट्सची ‘डब्ल्यूएक्स.आरसी’ ही रिसोर्स फाइलही जोडावी. ती वगळली तर बटणे विंडोजच्या फार जुन्या धाटणीची दिसतात आणि ती पाहून मालक तुमच्या सगळ्याच कामाविषयी शंका घेतील.

भाषांविषयी एवढेच, की मराठी किंवा कन्नड मजकूर थेट कोडमध्ये लिहू नये. लिनक्सवर तो नीट दिसतो आणि विंडोजवर एन्कोडिंग बदलल्यामुळे त्याची चिन्हांची खिचडी होते. कोडमध्ये साधी इंग्रजी वाक्ये ठेवून दोन्ही भाषांतरे गेटटेक्स्ट या भाषांतराच्या साधनाच्या पीओ फाइलींत ठेवावीत. त्यांपासून तयार होणाऱ्या एमओ फाइली मात्र स्वतंत्र राहतात. एकच फाइल न्यायची असेल तर त्या विंडोजच्या रिसोर्समध्ये घालता येतात, आणि डब्ल्यूएक्सविजेट्समध्ये तेथून त्या वाचण्याची सोय आहे. भाषा बदलल्यावर आधीच उघडलेली विंडो आपोआप बदलत नाही, ती बंद करून पुन्हा तयार करावी लागते.

हे बिल्डही ‘मेक -जे२’नेच करा, आणि ते संपेपर्यंत लॅपटॉप शक्यतो महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत यूपीएसवर लावून ठेवा.