लघवी तुंबलीय, कॅथेटर जात नाही: पेशंट कोल्हापूरला पाठवेपर्यंत सिस्टरने काय करायचं?

नाइट ड्यूटी, गगनबावडा
प्रोस्टेट वाढलेले सत्तरीतले आजोबा, सकाळपासून लघवीचा थेंब नाही, ओटीपोट बेंबीपर्यंत घट्ट. १४ नंबरचा फोलीज (टोकाशी फुगा असलेली लघवीची नळी, कॅथेटर) आत जाऊन अडतो. एमओ (मेडिकल ऑफिसर) ऑनकॉल, युरोलॉजिस्ट कोल्हापुरात, म्हणजे अँब्युलन्सने तास-दीड तास. अशा वेळी दुसरा प्रयत्न कसा करायचा, कुठे थांबायचं आणि नाहीच गेला तर पुढे काय?

युरो वॉर्ड सिस्टर
ताई, आधी एक विचारते. पहिल्या प्रयत्नात रक्त आलं का? आलं असेल तर नळी रस्ता सोडून बाजूला घुसलेली असू शकते. मग सिस्टरने पुन्हा हात लावायचा नाही, एमओला बोलवायचं. रक्त नसेल तरच पुढचं.

बहुतेक ठिकाणी जेली नळीच्या टोकाला चोपडतात आणि लगेच घालतात. ती जेली मूत्रमार्गाच्या तोंडाशीच पुसली जाते, आत कोरडंच. २ टक्के लिग्नोकेन (बधिर करणाऱ्या) जेलीची नवी ट्यूब घ्या, वॉर्डातली सगळ्यांना वापरलेली नको. १० ते १५ मिली जेली नोझलने किंवा सुई नसलेल्या सिरिंजने हळूहळू मूत्रमार्गात सोडा, लिंगाचं टोक बोटांनी हलकं दाबून धरा आणि घड्याळ लावून ५ मिनिटं थांबा. आजोबा कळवळत असतात, नातेवाईक डोक्यावर उभे असतात, तरी ही ५ मिनिटं सोडू नका. दुसऱ्यांदा जेली लागली तर १२ तासांत एकूण ३० मिलीच्या वर जायचं नाही; अशक्त म्हाताऱ्या माणसाला त्याहून कमी.

नंबरचं उलटं आहे. प्रोस्टेटला बारीक नळी नको, ती मऊ पडून आतच वेटोळं घालते. १६ किंवा १८ घ्या. वाकड्या टोकाचा टीमन असेल आणि वापरायची सवय असेल तर उत्तम, टोक बेंबीकडे ठेवून घालायचा. बारीक १२ नंबर मूत्रमार्ग आकसलेल्या पेशंटसाठी. तिथे नळी बहुधा प्रोस्टेटच्या अलीकडेच अडते, प्रोस्टेटला खूप आत गेल्यावर.

लिंग सरळ वर, किंचित ताणून धरा. आत अडलं की ढकलू नका, मागेपुढेही करू नका. तेवढाच हलका दाब ठेवून "आजोबा, लांब श्वास घ्या, पायाची बोटं हलवा" म्हणायचं. आवळलेला स्फिंक्टर (लघवी रोखणारा स्नायू) बहुधा थोड्या वेळात सैल पडतो आणि नळी पुढे सरकते.

लघवी दिसली तरी बलून (नळीच्या टोकाशी असलेला फुगा) लगेच फुगवायचा नाही. नळी वाय फाट्यापर्यंत (बाहेरच्या टोकाला ती दोन शाखांत फुटते तिथपर्यंत) पूर्ण आत, मग १० मिली स्टराइल वॉटर. सलाइन नको, त्याचे खडे बलूनच्या बारीक नळीत बसू शकतात आणि मग काढताना पाणी परत येत नाही. फुगवताना पेशंट ओरडला तर तो बलून मूत्रमार्गात आहे. लगेच पाणी काढा. पूर्ण आत जाऊनही लघवी नाही? जेलीने भोक बुजलेलं असू शकतं. ओटीपोट हलकं दाबा, ५० मिलीच्या सिरिंजने ओढून बघा. तरी नाही आली तर बलून फुगवायचा नाही म्हणजे नाही.

एकूण दोन प्रयत्न. तिसरा नको.

कॅज्युअल्टी ब्रदर
सिस्टरांनी नीट सांगितलंय. त्याच्या आधीचं एक: ओटीपोटावर बोट ठोकून बघा. बद्द आवाज म्हणजे लघवी तुंबलीय. मूत्राशय रिकामं असेल तर लघवी तयारच होत नाही, तो आजार वेगळा. हे न बघता "लघवी होत नाही" म्हणून लॅसिक्स (लघवी वाढवणारं औषध) दिलं जातं. तुंबलेल्या पेशंटला ते दिलं की दुखणं दुप्पट. बीपी चांगलं असेल तर सलाइनही नको. नातेवाईक तांब्या तांब्या पाणी पाजत असतात, तेही थांबवा. आणि अपघातात कंबरेचं हाड मोडलंय, मूत्रमार्गाच्या तोंडाशी रक्त दिसतंय, अशा पेशंटला कॅथेटर घालायचाच नाही.

नाइट ड्यूटी, गगनबावडा
रक्त नव्हतं. दोन शंका: वयस्कर बायकांमध्ये मूत्रमार्गाचं तोंडच सापडत नाही तेव्हा काय करायचं? आणि ५०० मिली निघाल्यावर क्लँप (नळी थोडा वेळ बंद ठेवणारा चिमटा) लावायचा का?

युरो वॉर्ड सिस्टर
पाळी जाऊन बरीच वर्षं झालेल्या बाईंचं तोंड योनीच्या पुढच्या भिंतीत आत ओढलेलं असतं. कंबरेखाली उशी, चांगला उजेड, बोटाने पुढची भिंत चाचपायची. नळी चुकून योनीत गेली तर ती तिथेच खूण म्हणून ठेवा आणि तिच्या वर नवी स्टराइल नळी घाला.

क्लँपची पद्धत जुनी. थांबून थांबून काढल्याने रक्तस्राव किंवा बीपी उतरणं कमी होत नाही, पेशंटचे हाल मात्र लांबतात. सलग काढा, बीपी बघत राहा. पहिल्या १५ मिनिटांत किती निघाली ते लिहा. पुरुषांत मागे सारलेली कातडी परत पुढे आणा, नाहीतर सुजून अडकते. हे घाईत फार राहून जातं.

एमओ, ग्रामीण
लिटरच्या वर निघाली किंवा क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ताची तपासणी) वाढलेलं असेल तर दर तासाची लघवी मोजा. सलग दोन तास २०० मिलीच्या वर गेली तर कळवा. पाणी आणि क्षार बाहेर जात असतात. शुद्धीत असलेल्या माणसाला तहान लागेल तसं पिऊ द्या.

नळी गेलीच नाही तर ओटीपोटातून सुईने लघवी काढणं हे डॉक्टरचं काम. मूत्राशय हाताला लागत असेल, शक्यतो सोनोग्राफीत दिसत असेल, तरच. बेंबीखाली जुन्या ऑपरेशनचा वण आहे का आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, हे आधी विचारून ठेवा. वणाखाली आतडं चिकटलेलं असू शकतं. सीपीआरला (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) पाठवताना चिठ्ठीत शेवटची लघवी कधी, किती प्रयत्न, कोणत्या नंबरने, किती आत अडली, रक्त आलं का, हे लिहा. सर्दीची गोळी घेतली होती का आणि शौच कधी झालं, तेही. प्रोस्टेटवाल्याची लघवी सर्दीची गोळी आणि बद्धकोष्ठ या दोन कारणांनीही तुंबते.