पुण्याच्या पेठांमधून संध्याकाळची पायी फेरी: गाइड घ्यावा का? सोबत आई आणि ११ वर्षांची मुलगी

वैदर्भी:
नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही तिघी नागपूरहून पुण्याला येतोय. मी, माझी आई (वय ६९) आणि लेक (सहावीत आहे). आईने तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. पेशवाई तिला तोंडपाठ आहे, पण शनिवारवाडा तिने आयुष्यात एकदाच पाहिलाय, तोही कुणाच्या तरी लग्नाला जाताना रिक्षातून. या वेळी तिला तो भाग नीट, पायी फिरवून दाखवायचा आहे.

संध्याकाळी पेठांमधून पायी फिरवून आणणारे गाइड असतात असं कळलं. अडीच-तीन तासांची फेरी असते म्हणे. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. गाइड खरंच लागतो का, की वाचून आपलं आपण फिरता येईल? आईचा डावा गुडघा दुखतो, सपाटीवर ती आरामात चालते पण पायऱ्या टाळते, तर तिला झेपेल का? आणि लेक कंटाळणार नाही असं काही त्या वाटेवर आहे का?

पायी_पायी:
झेपेल. पेठा सपाट आहेत. त्रास होतो तो गर्दीचा आणि उखडलेल्या फुटपाथचा, चढाचा नाही. मेट्रोने या. कसबा पेठ आणि मंडई अशी दोन्ही स्टेशनं आता आहेत, म्हणजे एका टोकाला उतरायचं आणि दुसऱ्या टोकाला चढायचं. लिफ्ट आणि सरकते जिने दोन्ही आहेत, गुडघ्याची काळजी नको. शनिवार-रविवार टाळा, लक्ष्मी रस्त्यावर खरेदीची झुंबड असते.

कसब्यातली:
वैदर्भी, तुमचा प्रश्न वाचला आणि लिहायला बसले. माझा जन्म कसबा पेठेतल्या वाड्यातला. लग्न होईपर्यंत तिथेच राहिले. तो वाडा पाडून आता तिथे पाच मजली इमारत उभी आहे आणि मी कोथरूडला असते. गेल्या वर्षी बडोद्याची मावसबहीण आली होती. तिला गाइडबरोबरच फिरायचं होतं, म्हणून मीही गेले. आपल्याच आळीत पाहुणी होऊन फिरायला कसं वाटेल याची धाकधूक होती. महिन्याच्या अंतराने मी अशा दोन फेऱ्या केल्या आणि त्या दोन्ही सांगायच्या आहेत.

पहिल्या फेरीत आम्ही तीसच्या वर माणसं होतो. गाइडच्या गळ्यात छोटा भोंगा. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यापुढे उभं राहून त्याने पंधरा मिनिटं भुताची गोष्ट सांगितली, अमावास्येच्या रात्री 'काका, मला वाचवा' ऐकू येतं ती. लोकांनी अंगावर काटा आला म्हणून फोटो काढले. एक १८ वर्षांचा मुलगा, नारायणराव, पेशवा झालेला, ३० ऑगस्ट १७७३ रोजी त्याच्या स्वतःच्या घरात गारद्यांनी कापून काढला. पुढे रामशास्त्र्यांनी त्याच्या सख्ख्या काकाला, राघोबादादाला, दोषी ठरवलं. एवढं घडलेलं समोर असताना भूत कशाला हवं? मला फार वाईट वाटलं.

त्याहून वाईट पुढे झालं. कसब्यात एक जुना वाडा अजून उभा आहे, माणसं राहतात. त्याचा दिंडी दरवाजा उघडा होता. गाइड सरळ आत शिरला आणि त्याच्या मागे आम्ही सगळे. देवडीत एक आजी मेथी निवडत बसल्या होत्या. मांडीवर वर्तमानपत्र, त्यावर जुडी. तीस मोबाइल एकदम वर झाले. आजींनी हातातली काडी खाली ठेवली आणि पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला. काही बोलल्या नाहीत. माझी आजी अशीच, अशाच देवडीत बसायची. मी बहिणीचा हात धरून बाहेर आले.

दुसऱ्या वेळी आम्ही आठ जण होतो. या वेळी गाइड एक तरुण मुलगी होती, पुरातत्त्व शिकलेली. ती त्याच वाड्यासमोर आली, रस्त्याच्या पलीकडेच थांबली, आम्हाला तुळया, सज्जा आणि दरवाज्यावरची गणेशपट्टी बाहेरूनच दाखवली. मग एकटी उंबऱ्याशी गेली आणि विचारलं, "आजी, आज आठ जण आहेत. पाच मिनिटं येऊ का? नको असेल तर नको." आजी म्हणाल्या, चौकापर्यंत या, माडीवर नको. आणि त्यांनीच उठून आम्हाला आड दाखवला. झाकण सरकवून म्हणाल्या, "एकसष्टच्या पुरात हेच पाणी प्यालो आम्ही." १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हाची गोष्ट. हे मला कुठल्या पुस्तकात मिळालं असतं?

म्हणून माझं उत्तर: गाइड जरूर घ्या, पण ठरवण्याआधी त्याला दोनच प्रश्न विचारा. एका वेळी किती माणसं नेता? आणि लोक राहतात त्या वाड्यात कसे जाता? दहाच्या वर माणसं असतील तर नको म्हणा. दुसऱ्या प्रश्नावर "काही प्रॉब्लेम नाही, सगळे ओळखीचे आहेत" असं उत्तर आलं तरीही नको म्हणा.

आणखी एक खूण आहे, तुमच्या आई ती लगेच ओळखतील. चांगला गाइड 'असं झालं' आणि 'असं म्हणतात' यांत फरक करतो. आमच्या त्या मुलीने सांगितलं की शनिवारवाड्याची पायाभरणी जानेवारी १७३० मधली आणि वास्तुशांत जानेवारी १७३२ मधली, ही पक्की गोष्ट. पण सशाने कुत्र्याचा पाठलाग केला म्हणून बाजीरावांनी ती जागा निवडली, ही कथा अहमदाबादचीही सांगतात आणि विजयनगरचीही. 'ध'चा 'मा' तसाच. खून खरा, अक्षर बदलल्याची गोष्ट लोकांच्या तोंडची. लाल महालाशी ती म्हणाली, "ही इमारत महापालिकेने १९८०च्या दशकात बांधली. शाहिस्तेखानावर १६६३ मध्ये छापा पडला तो महाल आता नाही, जागा त्या परिसरातली आहे." एक गृहस्थ थोडे हिरमुसले. मला मात्र त्या मुलीचा आदर वाटला.

आता तुमच्या लेकीसाठी. साडेचारला सुरू होणारी फेरी बघा, सहाची नको. कारण एकच, तांबट आळी. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि अंधार पडायला लागला की तिथले हात थांबतात. लहानपणी आम्हाला तो ठोक्यांचा आवाज घड्याळासारखा होता. आवाज थांबला की खेळ सोडून घरी. आता भट्ट्या आणि दुकानं पूर्वीइतकी नाहीत, पण अजून आहेत. आम्ही गेलो तेव्हा एक काका जमिनीवर बसून तांब्याचा हंडा मठारत होते. जमिनीत रोवलेला जाड लोखंडी दांडा, त्यावर आतून टेकवलेला हंडा, डाव्या हाताने तो केसभर फिरवायचा, उजव्या हाताने हातोडीचा एक ठोका. प्रत्येक ठोक्याला नखाएवढी चकचकीत टिकली उमटते. पुढची टिकली तिला खेटून, ओळ न मोडता. नजर हंड्यावर होतीच असं नाही, ते आमच्याशी बोलत होते. मठार नुसता शोभेचा नसतो. ठोकल्याने मऊ तांबं कडक होतं, भांड्याला ताठपणा येतो, पोचा पडत नाही. हे त्यांनी एक मठारलेला आणि एक नुसता पत्रा बहिणीच्या हातात वाकवायला देऊन दाखवलं. तुमच्या मुलीलाही वाकवून बघू द्या. पेशवाईत कोकणातून आलेल्या तांबटांची ही आळी, तोफेपासून बंबापर्यंत सगळं तांबं-पितळ यांच्या हातचं.

तिथून शनिवारवाडा. तटाचे नऊ बुरूज आणि दिल्ली दरवाज्याचे खिळे बाहेरून दिसतात, हत्तीच्या कपाळाच्या उंचीवर मारलेले. आतला महाल १८२८ च्या आगीत गेला, चौथरे राहिलेत. आईंना आत जायचं असेल तर ते निवांत, दिवसा करा. संध्याकाळच्या फेरीत घाईघाईने नको.

मग शिवाजी रस्त्याने दगडूशेठपाशी. सगळे गणपतीकडे तोंड करून उभे असतात. तुम्ही मात्र त्याच्या समोर वळून बघा. तिथे भिडेवाडा होता. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली ती त्या वाड्यात. डिसेंबर २०२३ मध्ये तो पाडला, राष्ट्रीय स्मारकासाठी. बघायला वाडा नाही, तरी आईंबरोबर दोन मिनिटं थांबा. जवळच फरासखान्याशी बाहुलीचा हौद आहे. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी आपल्या गेलेल्या लेकीच्या आठवणीत बांधला आणि कुठल्याही जातीच्या माणसाला पाणी भरायला खुला ठेवला. एवढ्याशा अंतरात या दोन जागा, आणि बहुतेक फेऱ्या दोन्हींवरून सरळ पुढे जातात. आपण होऊन सांगा की आम्हाला इथे थांबायचंय.

पाणीवाला_सदाशिव:
कसब्यातली, तुम्ही हौदाचं काढलंत म्हणून भर घालतो. लेकीला रस वाटेल. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी जमिनीखालच्या दगडी नळाने शहरात आणलं. 'नळ' म्हणजे भुयारच, माणूस आतून चालत जाईल एवढं. वाटेत हवेसाठी उच्छ्वास ठेवलेले. पंप नाही, काही नाही, उतारावर पाणी आपलं आपण यायचं आणि पेठापेठांतल्या हौदांत पडायचं. गाइडला विचारा, वाटेवरचा एखादा हौद दाखवेल.

आणखी सुचवायचं तर सोमवार पेठेतला त्रिशुंड गणपती. फेरीत नसतो, पण रिक्षाने दहा मिनिटं. १७५४ ला सुरू होऊन १७७० ला पुरं झालेलं काळ्या दगडाचं देऊळ. मोरावर बसलेला तीन सोंडांचा गणपती, आणि दर्शनी भिंतीवर गेंड्याला साखळदंड घालणारे गोरे शिपाई. पुण्यातल्या देवळावर गेंडा! अंधार पडायच्या आत जा.

वैदर्भी:
सगळ्यांचे मनापासून आभार. कसब्यातली ताई, तुमचं लिहिलेलं आईला मोठ्याने वाचून दाखवलं. मेथी निवडणाऱ्या आजींपाशी ती म्हणाली, "थांब, पुन्हा वाच." एक शंका: शेवट कुठे करावा? आईला मध्ये कुठे बसता येईल?

कसब्यातली:
तुळशीबागेत. बाहेर बांगड्या-भांड्यांचा बाजार, आत रामाचं देऊळ आणि सभामंडप. पेशव्यांचे सुभेदार नारो आप्पाजी यांनी बांधलेलं. बाजाराचा गलका दारातच राहतो. मंडपात आईंना पाय पसरून बसू द्या, कुणी उठवणार नाही. मग समोरच्या बाजूला विश्रामबागवाडा. दुसऱ्या बाजीरावाचा. लाकडाचं कोरीव तोंड आणि सुरूच्या झाडाच्या आकाराचे खांब रस्त्यावरून दिसतात, पायऱ्या चढायची गरज नाही. १८२१ मध्ये इथेच संस्कृत पाठशाळा निघाली, हे शिक्षिकेला सांगायला हवं.

शेवट मंडईत. १८८६ ची इमारत, तेव्हा रे मार्केट, आता महात्मा फुले मंडई. मधला अष्टकोनी मनोरा, भोवती पसरलेले बाहू, आणि आत उंच गाळ्यांवर भाजीच्या ढिगामागे बसलेल्या मावश्या. दिवे लागलेले असतात, वांग्यांवर उजेड चमकतो. फोटो काढण्याआधी मावशींना विचारा, आणि काहीतरी घ्याच, निदान कोथिंबिरीची जुडी. तिथून मेट्रो दोन पावलांवर.

वैदर्भी:
कालच फिरून आलो. आठ जण होतो, गाइडही विचारून दार ठोठावणारा मिळाला. वाड्यात जायला मिळालं नाही, घरी आजारी माणूस होतं. तो लगेच "बरं" म्हणून मागे फिरला, आणि आईला तेच आवडलं.

भिडेवाड्याच्या जागेपाशी आई बराच वेळ उभी होती. सावित्रीबाईंचा धडा तिने किती वर्गांना शिकवला असेल. तिच्या मनात शाळा म्हणजे अंगण, झाड, असं काहीतरी होतं. "इतकी रस्त्याला लागून?" एवढंच म्हणाली. मग लेकीला सांगायला लागली की शेण फेकणारे लोक किती जवळून जात असतील. गाइड गप्प राहून ऐकत होता. त्याच्या वाटची दहा मिनिटं त्याने आईला दिली.

तांबट आळीत काम थांबण्याआधीचा शेवटचा अर्धा तास मिळाला. लेकीने पत्रा वाकवून पाहिला, मठारलेला वाकेना. एक लहान तांब्या घेतला. मेट्रोत बसल्यावर ती त्याच्या काठाजवळच्या ओळीतल्या टिकल्या मोजत होती. दोनदा मोजल्या, दोन्ही वेळा बेचाळीस.

आता तो घासायचा कसा? इथे मैत्रीण म्हणते पितांबरी, आई म्हणते चिंच.

कसब्यातली:
आईंचं ऐका. चिंचेचा कोळ आणि चिमूटभर मीठ, बोटांनी गोल गोल चोळून लगेच धुवा आणि कोरडा पुसा. तारेची घासणी लावू नका, मठाराच्या टिकल्यांवर ओरखडे उमटतात आणि ते जात नाहीत. नुसतं पाणी प्यायचं असेल तर कल्हईची गरज नाही. ताक किंवा आंबट काही मात्र त्यात ठेवू नका.